नगरपालिकेत काम करून घ्यायचं तर: कुठलं टेबल, कुठला कागद, कुठला महिना

सकाळचं नळाचं पाणी, घंटागाडी, दारासमोरची गटार, खांबावरचा दिवा, बाळाचा जन्मदाखला, म्हाताऱ्या माणसाचा मृत्यूदाखला, हे सगळं नगरपालिकेतून येतं आणि तरीही लोक आमदाराच्या ऑफिसला जातील, तहसीलला खेटे घालतील, पण पालिकेत नेमकं कुणाला भेटायचं हे त्यांना माहीत नसतं. मी आमच्या भागातल्या लोकांचे अर्ज बरीच वर्षं लिहून देते, कधी सोबतही जाते, त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय. हे महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींबद्दल आहे, महानगरपालिका आणि ग्रामपंचायतीचे कायदे वेगळे.

आधी पालिका कशी चालते ते बघू. आपल्या पालिकेला १९६५ चा नगरपरिषदा अधिनियम लागू आहे. लोकसंख्या एक लाखाच्या वर असेल तर अ वर्ग, चाळीस हजार ते एक लाख ब वर्ग, त्याखाली क वर्ग, आणि गावाचं नुकतंच शहर व्हायला लागलं असेल तर नगरपंचायत. नगराध्यक्ष आणि नगरसेवक आपण निवडून देतो (मध्ये बरीच वर्षं बहुतेक ठिकाणी प्रशासकच होते, डिसेंबर २०२५ मध्ये एकदाच्या निवडणुका झाल्या). मुख्याधिकारी म्हणजे सीओ साहेब मात्र राज्य सरकारचे अधिकारी, बदली होऊन येतात आणि जातात. पैसे कुठे खर्च करायचे ते सभा ठरवते, आणि ते अमलात आणणं, सह्या, दाखले, परवानग्या हे सीओ आणि त्यांच्या खालचा स्टाफ करतो. म्हणून दाखल्यासाठी नगरसेवकाच्या मागे फिरण्यात अर्थ नाही, आणि नवीन गटार पाहिजे म्हणून क्लार्कशी वाद घालण्यातही नाही, त्याच्या हातात ते नसतंच.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आवक-जावक. पालिकेत शिरलं की दाराजवळच कुठेतरी हे टेबल असतं, एक जाड रजिस्टर, शिक्का, शाईचं पॅड. अर्ज कायम दोन प्रतीत न्यायचा. एक ते ठेवतात, दुसरीवर गोल शिक्का, तारीख आणि आवक नंबर टाकून परत देतात, त्याला पोच म्हणतात, काही जण ओसी म्हणतात. नुसता शिक्का मारून दिला आणि नंबर घातला नाही तर तिथेच उभं राहून "नंबर टाका ना दादा" म्हणायचं, कारण पुढे महिन्याभराने गेलात की कुणालाच तुमचा चेहरा आठवणार नाही, पण नंबर सांगितला की रजिस्टर उघडून तो कागद कुठल्या विभागाला मार्क झालाय ते दोन मिनिटांत सांगतात. तोंडी तक्रार, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला फोटो, नगरसेवकाला रस्त्यात थांबवून सांगितलेलं, हे सगळं जरूर करा पण त्याची कुठेही नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणजे उत्तर द्यायची जबाबदारीही कुणावर नाही.

अर्ज कसा लिहायचा? छोटा. लोक दोन पानं भरून व्यथा लिहितात आणि मुद्दा शेवटच्या ओळीत येतो. मी साधारण असा लिहून देते:

"प्रति, मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद. विषय: प्रभाग क्र. ४, मारुती मंदिरामागील गल्लीतील तुंबलेल्या गटारीबाबत. महोदय, वरील ठिकाणी गटार १० तारखेपासून तुंबली असून सांडपाणी रस्त्यावर येत आहे. गल्लीत साधारण २० घरे आहेत. नळाची पाइपलाइन याच गटारीतून जाते. तरी गटार साफ करून केलेल्या कार्यवाहीबाबत लेखी कळवावे ही विनंती. सोबत: २ फोटो."

खाली नाव, पत्ता, मोबाईल, तारीख, सही. झालं. ठिकाण असं लिहायचं की नवीन आलेला मुकादमसुद्धा कुणाला न विचारता तिथे पोचेल. एका अर्जात एकच विषय, पाणी, दिवे आणि कचरा तिन्ही एकाच कागदावर लिहिलंत तर तो कागद एका विभागाकडे जातो आणि उरलेले दोन विषय तिथेच मरतात. शेवटची ओळ, "लेखी कळवावे", ती सोडू नका.

आता दाखले. याच्यासाठी आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे आणि तो फार कमी लोक वापरतात याचं मला खरंच वाईट वाटतं. पालिकेच्या बऱ्याच सेवांना दिवस ठरवून दिलेत. जन्म, मृत्यू, विवाहाचा दाखला ३ दिवस, घरपट्टीचा उतारा ३ दिवस, थकबाकी नसल्याचा दाखला ३ दिवस, झोन दाखला (जागा कुठल्या वापराच्या झोनमध्ये येते त्याचा) ७ दिवस, घरपट्टीला नाव बदलणं १५ दिवस, नवीन नळ कनेक्शन १५ दिवस. कुठली सेवा, किती दिवस, किती फी, कुठला अधिकारी देणार, याचा बोर्ड ऑफिसात लावणं बंधनकारक आहे, गेलात की आधी तो शोधा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. अर्ज आपले सरकार पोर्टलवरही करता येतो, पण कागद पूर्ण हवेत, अर्धवट अर्जाला मुदत चालू होत नाही. मुदत उलटली किंवा विनाकारण नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील तिथल्याच वरच्या अधिकाऱ्याकडे करायचं, मग दुसरं, मग सेवा हक्क आयोग. कसूर सिद्ध झाली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. बहुतेक वेळा तिथपर्यंत जावंच लागत नाही, "साहेब मुदत कालच संपली, अपील करू का?" एवढं शांतपणे विचारलं की फाईल हलते.

जन्मदाखल्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त हाल इथेच होतात. नोंद जन्म जिथे झाला तिथे होते, राहता तिथे नाही. बाळंतपण शेजारच्या तालुक्याच्या गावी दवाखान्यात झालं असेल तर दाखला त्या गावच्या पालिकेत, आपल्या पालिकेत कितीही रांग लावली तरी मिळणार नाही. २१ दिवसांत नोंद झाली तर फुकट, ३० दिवसांपर्यंत लेट फी, त्यानंतर वर्षापर्यंत वरच्या निबंधकाची परवानगी, फी आणि स्वतः सही करून साक्षांकित केलेला कागद (आधी प्रतिज्ञापत्र लागायचं), आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो, म्हणजे प्रकरण थेट महसूल खात्याकडे जातं आणि भरपूर लांबतं. दवाखान्यात जन्म झाला की माहिती दवाखाना पाठवतो, पण डिस्चार्जच्या आधी तो फॉर्म स्वतः वाचा, आईचं नाव आधारवर आहे तसंच आहे का, माहेरचं आडनाव तर लागलं नाही ना, बापाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग. नर्सबाई घाईत लिहितात आणि ते तसंच पुढे जातं. फॉर्मवरच दुरुस्त केलं तर एक मिनिट, नोंदीनंतर दुरुस्तीला पुरावे, प्रतिज्ञापत्र, हेलपाटे. नाव ठरलं नसेल तर काळजी नको, नावाशिवाय नोंद होते, वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत थोडी फी भरून. पण तेवढं थांबू नका, १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात बदल झालाय आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, मतदार यादी सगळीकडे जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे.

घरपट्टी. नियम साधा आहे, बहुतेक पालिकांत घराचं वार्षिक भाडं किती येऊ शकेल ते काढतात, त्यातून १० टक्के दुरुस्तीसाठी वजा करतात, उरलेल्यावर टक्केवारीने कर. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, त्यावेळी खासगी एजन्सीची पोरं टॅब घेऊन घरोघरी फिरतात आणि चुका तिथे होतात. उदाहरणच घ्या, घर ६०० चौरस फूट, दर महिन्याला फुटामागे २ रुपये धरला तर वर्षाचे १४,४०० झाले, १० टक्के गेले की १२,९६०, त्यावर समजा एकूण कर २५ टक्के बसला तर ३,२४० रुपये. आता मोजणाऱ्याने अंगणातला उघडा ओटा धरून ७०० फूट लिहिलं तर तोच कर ३,७८०. फरक ५४० रुपये, पण तो चार वर्षं चालतो. (दर प्रत्येक गावात, प्रत्येक झोनला वेगळे असतात, इथले आकडे हिशोब कळावा म्हणून घेतलेत.)

म्हणून फेरआकारणीची नोटीस आली की ती देवघरात ठेवून देऊ नका. आधी पाच गोष्टी बघा: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार (पत्र्याचं घर आरसीसी तर लिहिलं नाही ना), बांधकामाचं वर्ष, वापर (घराला दुकान दाखवलं की दर बराच वाढतो), आणि स्वतः राहता की भाडेकरू. चूक दिसली तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत, साधारण ३० दिवस असतात, लेखी हरकत द्यायची आणि पोच घ्यायची. मग सुनावणीची तारीख येते, त्या दिवशी स्वतः जायचं, टेपने घेतलेली मापं, जुनं बिल, बांधकाम परवान्याचा नकाशा असेल तर तो, फोटो, सगळं घेऊन. तिथे "कर फार वाढवला हो" म्हणून काही होत नाही, "क्षेत्रफळ १०० फूट जास्त लागलंय, हे मोजमाप" म्हटलं की होतं. ही मुदत गेली की यादी कायम होते, मग नुसतं भांडण उरतं. आमच्याकडे एका आजींच्या मागच्या पडवीला गोदाम लिहिलं होतं, सुनावणीत फोटो दाखवला, सरपण आणि जुनी पेटी, तिथल्या तिथे खोडून निवासी केलं.

बिलात फक्त पालिकेचा कर नसतो, राज्य सरकारचा शिक्षण कर असतो, दुकान-कारखान्याला रोजगार हमी कर, शिवाय वृक्ष कर, अग्निशमन, स्वच्छता अशी छोटी कलमं. ते एकदा ओळीने वाचा, निवासी घराला रोजगार हमी कर लागला असेल तर वापर चुकीचा नोंदवलाय हे लगेच कळतं. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला २४ टक्के, बँकेच्या कर्जाहून महाग. आकारणीवर वाद चालू असला तरी भरणं थांबवू नका, पावतीसोबत "हरकत राखून भरणा" असं पत्र द्या. मार्चमध्ये वसुली पथक दारात येतं, नळ तोडतात, त्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये भरलेलं बरं, काही पालिका तेव्हा सूटही देतात.

आणि एक गैरसमज काढून टाका, घरपट्टीला नाव लागलं म्हणजे मालकी झाली असं नाही. ती फक्त कर कोण भरणार याची नोंद. मालकीसाठी खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा, आणि तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, पालिकेत नाही.

असंच रस्त्यांचं. गावातून राज्य महामार्ग जात असेल तर त्यावरचा खड्डा बहुतेक वेळा सार्वजनिक बांधकाम खात्याचा. खांब महावितरणचा, त्यावरचा दिवा पालिकेचा. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला तहसीलला. काही गावांत पाण्याची योजना जीवन प्राधिकरण चालवतं. अर्ज करण्याआधी हे विचारून घ्या.

रोजच्या तक्रारीत दिव्याची सगळ्यात सोपी, खांबावर नंबर रंगवलेला असतो तो द्या, नसेल तर जवळच्या घराचा पत्ता. कचऱ्यासाठी भागाचा मुकादम, त्याच्या वर स्वच्छता निरीक्षक, दोघांचे नंबर घेऊन ठेवा. पण घंटागाडीत ओला-सुका एकत्र टाकून नंतर डेपोच्या वासाची तक्रार करायची हे मला पटत नाही. कोकणातल्या वेंगुर्ल्याने, तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे असताना, कचरा दोन डझनाहून जास्त प्रकारांत वेगळा करून डेपोची जागाच लोक बघायला येतील अशी केली. क वर्गाच्या पालिकेला हे जमलं, आणि ते घराघरातून वेगळा कचरा मिळाला म्हणूनच.

पाण्याचं मात्र गांभीर्याने घ्या. आपल्याकडे बहुतेक गावांत पाणी तासभर येतं, कुठे एक दिवसाआड, कुठे चार दिवसांनी. पाणी बंद झालं की पाइपमधला दाब जातो, आणि तोच पाइप गटारीतून किंवा गटारीच्या शेजारून गेलेला असेल आणि कुठे जोड सैल असेल तर घाण आत ओढली जाते. म्हणून सुरुवातीची पाच मिनिटं पाणी गढूळ, वासाचं येतं. त्यात कुणी नळाला मोटर लावली की हे आणखी वाढतं. असं पाणी आलं तर आधी वॉलमनला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाला फोन, तो रोज फिरतो, कुठला व्हॉल्व्ह, कुठली लाइन ते त्याला इंजिनिअरपेक्षा जास्त माहीत असतं. लगेच त्याच दिवशी लेखी अर्ज, त्यात किती वाजता पाणी आलं, किती वेळ घाण होतं, आजूबाजूच्या कुठल्या घरांत तसंच आणि कुठल्या घरांत स्वच्छ, हे लिहा. ही शेवटची माहिती सोन्यासारखी आहे, कारण त्यावरून गळती कुठल्या टप्प्यात आहे ते शोधता येतं, नाहीतर ते अंदाजाने रस्ता खोदत बसतात. क्लोरीन आहे का हे बघायला ओटी टेस्ट करतात, पाण्यात दोन थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळं होतं, तुमच्या नळाला येऊन ती करायला सांगा, आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवून रिपोर्टची प्रत मागा. तोवर पाणी उकळून प्या. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं, तेव्हा छोट्या गावाला ते शक्यच नाही असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

घर बांधणार असाल तर एवढंच सांगते की २०२० पासून बहुतेक ठिकाणी एकच बांधकाम नियमावली आहे, युडीसीपीआर, तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या साध्या घराला परवानगीची लांब प्रक्रिया नाही, नोंदणीकृत इंजिनिअरमार्फत नकाशा आणि फी भरून कळवायचं. बाकी चांगला इंजिनिअर गाठा.

आता विकासकामं, नवीन गटार, काँक्रीट रस्ता, पाण्याची नवीन लाइन. इथे अर्जाहून महिना महत्त्वाचा. बजेट जानेवारी-फेब्रुवारीत सभेपुढे येतं, त्यामुळे तुमच्या गल्लीची मागणी दिवाळीनंतर लगेच, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पोचली पाहिजे, पन्नास-साठ घरांच्या सह्यांनिशी, सीओंना एक प्रत, नगराध्यक्षांना एक, प्रभागाच्या नगरसेवकांना एक. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून आंदोलन केलं की पेपरात फोटो येतो, पण त्या वर्षीचे पैसे तोवर दुसरीकडे लागलेले असतात. नालेसफाईसुद्धा मे महिन्यात करायची असते, म्हणजे विचारायचं मार्च-एप्रिलमध्ये, "आमच्या भागातला नाला यादीत आहे का".

पैसे कुठून येणार हेही अर्जात सुचवता आलं तर फार फरक पडतो. पालिकेचा स्वतःचा पैसा पगार आणि वीजबिलातच जातो, मोठी कामं शासनाच्या निधीतून होतात, नगरोत्थान, दलितवस्ती सुधार योजना, वित्त आयोग, आमदार निधी. प्रत्येकाला अटी आहेत. २०२१ ते २०२६ च्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग आपल्यासारख्या छोट्या शहरांत पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. म्हणजे "कमान बांधा" म्हटलं तर त्या भागातून काही मिळणार नाही, "गटार बंदिस्त करा" म्हटलं तर इंजिनिअरला बसवता येतं.

मग कामाचा प्रवास असा, सभेचा ठराव, इंजिनिअरचं इस्टिमेट, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, टेंडर, वर्क ऑर्डर, प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, बिल. "काम मंजूर झालंय" असं कुणी सांगितलं की आनंदून जाऊ नका, यातल्या कुठल्या पायरीवर आहे ते विचारा, कारण ठराव झाला की फ्लेक्स लागतो आणि वर्क ऑर्डरला वर्ष जातं. सर्वसाधारण सभेला नागरिकांना बसून ऐकता येतं, विषयपत्रिका आधी मागून घ्या आणि आपल्या प्रभागाचा विषय असेल त्या दिवशी चार-पाच जण शांतपणे मागे बसा. नगरसेवक आपल्या माणसांसमोर वेगळं बोलतात.

उत्तरच येत नसेल तर माहितीचा अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, उत्तराला ३० दिवस. प्रश्न "का केलं नाही" असा विचारू नका, त्याचं उत्तर मिळत नाही, कागद मागा: "आवक क्र. अमुक, दिनांक अमुक, या अर्जावरील टिपणी व कार्यवाहीच्या प्रती". प्रती २ रुपये पान. फाईल जाड असेल तर आधी पाहणी मागा, पहिला तास फुकट असतो, हवी ती पानं खुणा करून घ्यायची. तरीही अडलं तर जिल्हाधिकारी कार्यालयातली नगरपालिका प्रशासन शाखा, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारचा जिल्हा लोकशाही दिन. तिथे जाताना पोच घेतलेले सगळे अर्ज तारखेप्रमाणे लावून न्या, तोंडी कहाणी ऐकायला तिथे कुणाला वेळ नसतो.

आणि काम सुरू झालं की घरात बसू नका. वर्क ऑर्डर आणि इस्टिमेटची प्रत आधीच मागून ठेवा, त्यात काँक्रीट किती जाडीचं, गटार किती रुंद, खाली खडीचा थर किती हे सगळं लिहिलेलं असतं. ओतण्याच्या आधी टेप लावून बघा, फोटो काढा, कमी दिसलं तर त्याच दिवशी अर्ज, कारण एकदा वरून काँक्रीट पडलं की खालचं काही दिसत नाही आणि मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊन बिल निघालं की ठेकेदार फोन उचलत नाही. टेंडरमध्ये दोषदायित्व कालावधी दिलेला असतो, तेवढ्या काळात रस्ता उखडला, गटार खचली तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं आणि त्यासाठी त्याची अनामत पालिकेकडे असते. तो कधी संपतो ती तारीख लिहून ठेवा आणि पहिल्या पावसानंतर गल्ली चालत बघून या, जे उखडलं असेल त्याचा अर्ज कामाचं नाव आणि वर्क ऑर्डरचा नंबर घालून बांधकाम विभागाला द्या, अनामत परत जायच्या आत.